चार घरांतला एकच पंखा

प्रिय जमना,

काल तुझी कंचन बदलापूरला, आमच्या नव्या घरी येऊन गेली. लूनावरून आली, उल्हासनगरहून थेट! डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात फायली. दारात उभी राहिली तेव्हा क्षणभर मला तूच वाटलीस. मान तशीच एका बाजूला कललेली.

तुला जाऊन पाच महिने झाले. तेव्हा मी आले, बसले, डोळे पुसले, चहा प्यायले आणि परत आले. बोलायचं ते बोललेच नाही. तू होतीस त्या बारा-तेरा वर्षांत बोलले नाही, तर तू गेल्यावर कुणाशी बोलणार होते? पण काल कंचन जे मागून गेली ना, ते आता तुलाच सांगायला हवं. म्हणून लिहायला बसले. तुला मराठी वाचता यायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्याचं मला बरंच वाटायचं. का, तेही आज सांगते.

तू पहिल्यांदा समितीच्या खोलीत आलीस तो दिवस आठवतो? उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली ती पत्र्याची खोली, दोन बाकं आणि एक कपाट. दादा टेकचंद फाळणीनंतर पेटी घेऊन इथे आलेले, मिलिटरीच्या बराकीत वाढलेले. मग ऐंशीनंतरही सिंधमधून कुणी ना कुणी कुटुंब व्हिसावर येतच राहिलं, तेव्हा त्यांनी ही समिती काढली. पोलिसात नोंद कशी करायची, पोरं शाळेत कशी घालायची, काम कुठे मिळेल, सगळं बघायचे. आणि वर्षातून एकदा शिलाई मशिनं वाटायचे. दादा म्हणायचे, "हाथ पकड़ो, लेकिन कंधे पे मत बिठाओ." माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, असं त्यांचं एकच टुमणं.

आणि मी कोण? मोरिवलीजवळच्या कारखान्यातल्या साहेबाची बायको. क्वार्टर मोठं, मुलं शाळेत, दुपार रिकामी. बी.ए. झालेली, अक्षर मोत्यासारखं. समाजसेवेची हौस आली आणि रिक्षा करून अंबरनाथहून कॅम्प पाचला जायला लागले. आमचे हे चिडवायचे, "निघाली बघा मदर इंडिया!" मी रागवायचे, पण आतून सुखावायचे.

तू मला "अदी" म्हणालीस. अदी म्हणजे ताई, हे दादांनी सांगितलं. मी काय म्हणाले? "मॅडम म्हण, सगळे मॅडमच म्हणतात." तू लगेच "जी मॅडम" म्हणालीस आणि मग जन्मभर मॅडमच म्हणत राहिलीस. कशाला मेलीने ऐकलंस माझं!

तुझं मागणं एकच होतं. मशीन. बाहेर काम मिळत होतं, जीन्सच्या कारखान्यांत बायका हव्याच होत्या. पण तुझ्या परसरामची छाती कामातून गेलेली. चार पावलं चालला की धाप लागायची, दम्याचा पंप मारल्याशिवाय श्वास परत यायचा नाही. त्याला एकटं सोडून तुला जायचं नव्हतं. "मॅडम, मशीन घर में होगी तो मैं इनके पास बैठूँगी. बस." इतकं साधं बोललीस. मी वहीत लिहून घेतलं आणि म्हटलं, "घर बघायला येईन."

घर बघणं हे माझं काम होतं. मशिनं मोजकी, मागणारे ढीगभर. कोण खरंच गरजू आणि कोण नाटकं करतंय, ते बघून रिपोर्ट लिहायचा. मला या कामाचा फार गर्व होता, जमना. माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून मी मिरवायचे. कुणाच्या फळीवर तुपाचा डबा, कुणाच्या अंगात नवं पातळ, सगळं टिपायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! पण हे आज कळतंय.

तुझ्याकडे आले त्या दिवशी तू दारातच उभी होतीस. "अचो, वेहो." या, बसा. बराकीतली एक खोली, मध्ये पडदा. पण काय मांडलं होतंस तू! जमिनीवर रंगीत तुकड्यांची गोधडी, वर नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची. हिरवा टेबलफॅन माझ्याकडे तोंड करून फिरत होता. निळ्या फुलांच्या बशीत पापड, शेजारी काचेच्या ग्लासात गार पाणी, आणि मिठाईसुद्धा. कोपऱ्यात ट्रान्झिस्टर. परसराम इस्त्रीचा सदरा घालून भिंतीला टेकून बसलेला. दम लागत होता, तरी हसत होता. कंचन सहा वर्षांची, केसांना तेल, दोन रिबिनी.

"पहले पानी पियो, बात बाद में." तू म्हणालीस.

मी प्यायले नाही. समितीचा नियमच होता, ज्यांना मदत करायची त्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही. दादांचा स्वतःचा नियम वेगळा होता बरं का, ते पापड खाल्ल्याशिवाय कुणाच्या घरून उठत नसत. हा आम्हा बायकांनी केलेला नियम, आणि तो पाळण्यात मी सगळ्यांच्या पुढे. तू ग्लास तसाच धरून उभी राहिलीस. मग खाली ठेवलास. परसरामने मान वळवली.

मी मात्र खुर्चीवर बसून पंख्याचा वारा खात लिहीत होते. टेबलफॅन, ट्रान्झिस्टर, चिनी मातीची भांडी, मिठाई. शेवटची ओळ अजून पाठ आहे मला: "घरची स्थिती सांगितली जाते तितकी वाईट नाही. बाई चलाख वाटते. मशीन देण्याची शिफारस नाही."

चलाख! तुझ्यासमोर बसून लिहिलं. तू वाकून माझ्या अक्षराकडे बघत होतीस आणि म्हणालीस, "कितना सुंदर लिखते हो, मॅडम." वाचता येत नव्हतं म्हणून वाचलीस, नाही गं, म्हणून मी वाचले.

शनिवारच्या बैठकीत दादांनी माझा रिपोर्ट सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "ऐसा लिखो. देखो, वसुधाबेन ने एक-एक चीज़ देखी है." टाळ्या पडल्या. तुझं नाव यादीतून गेलं.

पुढच्या आठवड्यात मी तुझ्याच रांगेत, चार दारं सोडून गोपीकडे गेले. तिचंही मशीनसाठी नाव होतं. आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थबकले. हिरवा टेबलफॅन. तीच जाळी, एका बाजूला लाल दोऱ्याने बांधलेली. तीच नायलॉनची खुर्ची. तीच निळ्या फुलांची बशी.

मी म्हटलं, "हा पंखा जमनाकडे होता ना?"

गोपीची सासू खो खो हसली. "अरे मॅडम, ये तो पूरी लाइन का है! आठ नंबर वाले का पंखा, मेरी कुर्सी, कप पीछे वाली मास्टरनी के. जिसके घर मेहमान, उसके घर सामान. आप आने वाले थे ना, जमना दो दिन से सबके घर घूम रही थी. मिठाई के लिए उसने अपनी पायल..." मग आपण जास्त बोललो असं वाटून ती आत निघून गेली.

घरी आले आणि जुन्या फायली काढल्या. आधीच्या वर्षी आमच्यातल्याच दुसऱ्या एका बाईने त्या रांगेतली दोन घरं बघितली होती. दोन्ही रिपोर्टांत टेबलफॅन. दोघींनाही मशीन नाकारलेलं! चार घरांत एकच पंखा फिरत होता आणि आम्ही शहाण्या बायका तो तीनदा लिहून मोकळ्या झालो होतो. परक्या मुलखात आलेली माणसं पाहुण्याला उकाड्यात बसवायचं नाही म्हणून दारोदार वस्तू मागत होती, आणि आम्ही त्यालाच लबाडी म्हणत होतो.

आणि मला हे कळायला नको होतं? मला? माझ्या दाखवण्याच्या कार्यक्रमाला आईने कप जोशीकाकूंचे आणले होते, सतरंजी वरच्या मजल्यावरची, भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागून आणलेलं. मुलाकडचे आले, पोहे खाल्ले, पसंती कळवली. आमच्या ह्यांना ते घड्याळ आजही आठवतं! तेव्हा कुणी म्हणालं का, की या लोकांना काय कमी आहे, मुलगी चलाख दिसते?

बोलायला वेळ होता, जमना. हे मला तुला नीट सांगायचं आहे. मशिनं अजून वाटायची होती. पुढच्या शनिवारी पुन्हा बैठक होती. उभं राहायचं आणि म्हणायचं, दादा, माझं चुकलं, तो पंखा जमनाचा नाही. दोन वाक्यं. दादा चिडले असते, हसले असते, आणि तुझं नाव परत लिहिलं असतं. तसा माणूस होता तो.

मी गेले बैठकीला. फाईल मांडीवर होती. दादा आल्या आल्या एका नव्या बाईला म्हणाले, "वसुधाबेन से सीखो." सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. आणि मी मूग गिळून बसले.

इतकंच नाही. गोपीच्या रिपोर्टात मी पंखा लिहिलाच नाही. खुर्ची नाही, बशी नाही. "अत्यंत गरजू" असं लिहिलं. म्हणजे कळलं होतं मला, चांगलं कळलं होतं. गोपीला मशीन मिळालं. आणि ते उचलून रिक्षात ठेवायला कोण पुढे झालं? तूच! "गोपी, मुबारक!" म्हणून तिच्या गालाला हात लावलास. मी कपाटातले कागद सारखे करत होते. सारखेच होते ते.

पण तूही काही कमी नव्हतीस हं! एकदा तरी तोंड उघडायचं होतंस. "मॅडम, पंखा माझा नाही," एवढं म्हणायला काय झालं होतं? भांडायचं होतंस माझ्याशी. दादांकडे जायचं होतंस. एवढा कसला ताठा! असं मी किती वेळा मनात म्हटलं तुला. अपराध माझा आणि राग तुझ्यावर. बघ कशी आहे मी.

तू जीन्सच्या कारखान्यात जायला लागलीस. सकाळी परसरामच्या उशाशी पाणी, पंप आणि चपाती ठेवायची, कंचनला शाळेत सोडायचं आणि जायचं. रस्त्यात भेटलीस की निळ्या रंगाने हात माखलेले. "मॅडम, सब ठीक?" असं तूच मला विचारायचीस!

वर्ष पुरतं झालं नव्हतं. एका दुपारी कंचन शाळेतून आली तेव्हा परसराम जमिनीवर पडलेला होता. पंप खाटेखाली घरंगळला होता. खाली वाकला असेल तो घ्यायला. गोपी तिच्या घरी मशीनवर होती. मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. ती हे मला नंतर कपाळ बडवून सांगत होती. तिला बिचारीला काय माहीत, की त्या आवाजाची खोली कुणी बदलली!

मी भेटायला आले. खोलीत ना खुर्ची, ना पंखा. नुसती जमीन. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कसं झालं गं?"

तू म्हणालीस, "अकेले थे."

मग उठलीस आणि माझ्यासमोर पाणी धरलंस. त्या दिवशी मी प्यायले. सगळं प्यायले. आता तुला वाटलं असेल मॅडम सुधारली. अगं, नजर खाली ठेवायला काहीतरी हवं होतं म्हणून प्यायले.

पुढचं सगळं तू केलंस. हप्त्याने मशीन घेतलंस, मग दुसरं, मग गल्लीतच छोटं युनिट टाकलंस, सहा बायका कामाला. कागद झाले, तू इथली नागरिक झालीस त्या दिवशी पेढे घेऊन अंबरनाथला आलीस. समितीने वार्षिक पुस्तिकेत तुझा फोटो छापला: स्वावलंबी झालेली भगिनी. आणि तुझ्या शेजारी कोण? मी! तुझ्या खांद्यावर हात ठेवून. फोटोवाला म्हणाला, मॅडम जरा हसा, आणि मी हसले. ती पुस्तिका मी नातेवाइकांना दाखवली, जमना. तुझ्या कष्टांवर मी माझं नाव घासूनपुसून लावलं.

आता काल काय झालं ते सांगते.

कंचन म्हणाली, "मॅडम, मम्मीच्या नावाने शिलाई क्लास चालू करते. नवीन आलेल्या लेडीजसाठी. दादा तर आता नाहीत, पण समितीने रूम दिला आहे. क्लास झाला की मशीन पण देणार. तुम्ही उद्घाटनाला यायचं. आणि मुलींना शिकवायचं."

"काय शिकवायचं?"

"घर बघायला कसं जायचं. रिपोर्ट कसा लिहायचा."

मी म्हटलं, "दुसरं कुणी बघ गं. मला आता जमत नाही." ती ऐकेना. तुझीच पोर! मग म्हणाली, "मम्मी बोलायची, कोणाकडून शिकायचं तर वसुधा मॅडमकडून. मी विचारलं होतं तिला एकदा, की गोपी मौसीला मशीन भेटली, तुला का नाही? तर मम्मी बोलली, मॅडम आली, आणि तिने लिहिलं जमनाचं घर चांगलं आहे. इथे आल्यावर सगळ्यांनी कागदावर गरीब, लाचार लिहिलं. एका मॅडमने लिहिलं की घर चांगलं आहे. मशीन गेली तर गेली, माझी इज्जत लिहिली तिने."

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं दूध बघते. दूध नव्हतंच गॅसवर.

खरंच असं वाटलं होतं तुला? की सगळं माहीत होतं आणि पोरीसमोर माझी लाज राखलीस? रांगेतल्या बायकांनी सांगितलंच असेल की मॅडमने पंखा ओळखला. गोपीची सासू गप्प बसणाऱ्यातली होती का! मग तुला कळलंच असणार, मला कळलंय हे. तरी दर दिवाळीला माझ्याकडे डबा घेऊन येत राहिलीस? जमना, यातलं काय खरं ते मला आता कधीच कळायचं नाही. दोन्ही विचारांनी मी सारखीच मरते आहे.

आणि मोह बघ माझा! काल कंचन गेल्यावर पहिला विचार काय आला? की राहू दे. तुझ्या लेकीच्या मनात एक चांगली गोष्ट आहे, ती कशाला मोडायची? तुझी इज्जत, तुझा शब्द. किती छान वाटलं ते! तुझ्याच भल्यासाठी गप्प बसते आहे, असं मी स्वतःला अर्ध्या तासात पटवूनही दिलं. तेरा वर्षांपूर्वीही असंच पटवलं होतं. समितीचं नाव खराब होईल, दादांना वाईट वाटेल, पुढच्या वर्षी देऊ की जमनाला! सबबी सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

नाही. आता नाही. मी शिकवलेल्या मुली फायली घेऊन नव्या बायकांच्या दारात जातील, माझ्यासारखंच बघतील, माझ्यासारखंच लिहितील. आणि कुणा बाईचा आजारी नवरा घरात एकटा पडेल.

म्हणून तुला शब्द देते. रविवारी उद्घाटन आहे. त्याच्या आधी, उद्याच, मी कॅम्प पाचला जाईन. आधी समितीच्या कपाटातून तुझी फाईल काढीन आणि त्या शेवटच्या ओळीखाली माझ्या हाताने लिहीन, की हा रिपोर्ट खोटा आहे, लिहिणारीला आठवड्यात कळलं होतं आणि तिने ते लपवलं. खाली सही करीन. मग तो कागद घेऊन कंचनकडे जाईन आणि तिला वाचायला देईन. तिला मराठी वाचता येतं. 'चलाख' हा शब्दही ती वाचेल.

ती विचारेल, "मॅडम, तुम्ही त्या शनिवारी बोलल्या का नाही?" विचारणारच. वडिलांना जमिनीवर बघितलेली पोर आहे ती. कालपासून मी या प्रश्नाला उत्तर शोधते आहे. काहीतरी मोठं कारण असायला हवं ना गं, एवढ्या मोठ्या गोष्टीला? धमकी, भीती, काहीतरी. काहीच नव्हतं. सहा बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, आणि त्यांच्यासमोर चुकले म्हणायची मला लाज वाटली. तेवढ्यासाठी तुझा परसराम एकटा गेला. मी तिला हेच सांगीन, आणि ती जे म्हणेल ते उभी राहून ऐकून घेईन.

वसुधा